रिअल एल आणि जुने इंग्लिश पब: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी वॉल्व्हरहॅम्प्टनला राहते आणि सुट्टीच्या दिवशी ट्रेन नाहीतर बस पकडून जुने पब बघत हिंडते. ओळखीत कोणी एमएससीला नवीन आलेलं असतं, कोणाचा प्रोजेक्ट बर्मिंगहॅमला लागलेला असतो, कोणी आईबाबांना घेऊन लंडन बघायला येणार असतं, आणि सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. मतं माझी आहेत, भांडायचं असेल तर खुशाल भांडा, फक्त त्या वेळची पिंट तुमच्याकडून.

रिअल एल म्हणजे नक्की काय? साध्या बियरपेक्षा वेगळी कशी?

बनवायला तेच लागतं, माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी. फरक पडतो तो शेवटी. केग म्हणजे गॅस जोडायचं बंद पिंप. त्यातली बियर किंवा लागर (आपल्याकडची नेहमीची बियर) ब्रुअरीतच तयार होऊन, बहुतेक वेळा गाळून किंवा पाश्चराइझ होऊन येते, आणि पबमध्ये बाहेरून गॅस सोडून ती ग्लासात ढकलतात. रिअल एल पिंपात भरतात तेव्हा तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं, म्हणजे पबच्या तळघरात आल्यावरसुद्धा ती हळूहळू आंबतच असते, आणि तिच्यात जे काही बारीक बुडबुडे असतात ते तिचे स्वतःचे. मग बारवरच्या हातपंपाचा लांब दांडा ओढून ती हाताने वर खेचतात. त्या पिंपाला इथे कास्क म्हणतात, म्हणून कास्क एल आणि रिअल एल बोलताना एकच धरा.

हे नाव तसं अलीकडचं आहे. १९६०च्या दशकात मोठ्या ब्रुअऱ्यांनी ठरवलं की जिवंत बियर सांभाळायची कटकटच नको, सगळीकडे केग, वॉटनीज रेड बॅरल हे त्यातलं सगळ्यात बदनाम नाव. १९७१मध्ये सुट्टीवर आयर्लंडच्या केरी भागात गेलेल्या चार इंग्लिश मित्रांनी तिथल्या एका बारमध्ये बसून या विरोधात संघटना काढली, तीच आजची कॅम्रा, म्हणजे कॅम्पेन फॉर रिअल एल. सुरुवातीला नावात नुसतं 'एल' होतं, 'रिअल एल' १९७३मध्ये आलं. चार जणांनी बारमध्ये बसून संघटना काढणं आपल्याकडेही रोज होतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिल्लक राहिली हे कौतुकाचं.

गरम बियर देतात म्हणे?

गरम नसते हो, ११ ते १३ अंशांवर असते, तळघराच्या तापमानाला. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे बाहेर ठेवलेलं पाणी जेवढं गार लागेल तेवढी. आपल्याला बर्फाळ बियरची सवय आहे कारण आपल्याकडचं ऊन तसं आहे आणि स्ट्राँग बियरची चव फार लागू नये हेही त्यात आलंच. ही बियर फ्रिजमध्ये घातली तर माल्टचा बिस्किटासारखा वास, हॉप्सची कडवट गवती चव, सगळं झोपून जातं. पहिले चार घोट विचित्र वाटतात हे खरंय, फेस कमी, सुरसुर कमी. पण अर्धी पिंट संपेपर्यंत थांबा.

चांगली पिंट मिळेल असा पब ओळखायचा कसा? जुनी इमारत असली की झालं ना?

अजिबात नाही, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. लोक इमारत बघून शिरतात, काळे लाकडी खांब, १५०० की १६०० साल लिहिलेली पाटी, शेकोटी, आणि आत बियर व्हिनेगरसारखी. मला एका फार सुंदर, फार जुन्या गावात (नाव नको) अशीच पिंट मिळाली होती, बाहेर पर्यटक फोटो काढतायत आणि आत हातपंपाला दुपारपासून कोणी हात लावलेला नाही.

हिशोब साधा आहे. पबमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो फर्किन, म्हणजे ९ गॅलनचा कास्क, त्यात ७२ पिंट. कास्क उघडला की आत हवा जायला लागते, आणि साधारण तीन दिवसांत बियर उतरायला लागते. म्हणजे एका पंपावर दिवसाला निदान २४ पिंट खपायला हव्यात. आठ पंप मांडून ठेवले असतील तर रोज १९२. मंगळवारी दुपारी पबमध्ये सहा माणसं आणि बारवर आठ पंप दिसले की मी निमूटपणे बाटली मागते. दोन-तीनच पंप आणि बऱ्यापैकी गर्दी, हा पब चांगला, मग छत प्लॅस्टिकचं का असेना.

आणखी एक युक्ती, बारवर जाऊन पाच मिनिटं नुसतं बघा की रोजचे लोक काय घेतायत. ते कोपऱ्यातले काका तीस वर्षं तिथे बसतायत, त्यांना माहीत असतं.

तळघरात नक्की काय करतात?

एका ओळखीच्या पबवाल्याने एकदा खाली नेऊन दाखवलं. कास्क आडवे एका मांडणीवर ठेवलेले असतात, पाचर लावून घट्ट, कारण हलले की तळाचा गाळ वर येतो. कास्कच्या पोटाला वरच्या बाजूला एक बुच असतं, त्याला शाइव्ह म्हणतात, त्याच्या मधोमध तो लाकडी हातोडीने एक बारकी खुंटी ठोकतो. ही पहिली खुंटी मऊ, सच्छिद्र लाकडाची असते, तिच्यातून जास्तीचा गॅस बाहेर पडतो. ठोकल्याबरोबर खुंटीभोवती पांढरा फेस फसफसून वर आला, त्याने तो फडक्याने पुसला, थोडा वेळ गेला, परत आला, परत पुसला. पुसल्यावर फेस किती वेळाने परत येतो यावरून त्याला कळतं की आतलं आंबणं कुठवर आलंय. तो मंदावला की मऊ खुंटी काढून कडक लाकडाची खुंटी लावायची, म्हणजे उरलेला गॅस आत राहतो. मग समोरच्या बाजूला एका दणक्यात तोटी ठोकायची. तो दणका एकच, दुसरा मारायला लागला तर अंगावर बियर. त्याने मारला आणि माझ्याकडे बघून हसला, मी तरी दोन पावलं मागेच होते.

मग स्वच्छ व्हायला थांबायचं. काही बियर एका दिवसात तयार होतात, काही स्ट्राँग बियरना जास्त वेळ द्यावा लागतो. म्हणजे ब्रुअरने अर्धंच काम केलेलं असतं, बाकीचं अर्धं या माणसाचं. एकाच ब्रुअरीची एकच बियर एका पबमध्ये अमृत आणि समोरच्या पबमध्ये गटारगंगा का लागते ते यावरून कळेल.

मी शाकाहारी आहे. चालेल का?

हा प्रश्न मारवाडी आणि कोकणस्थ मित्रांकडून ठराविक अंतराने येतो आणि फार बरोबर प्रश्न आहे. बियर लवकर स्वच्छ दिसावी म्हणून कास्कमध्ये आयसिंग्लास घालतात, ते माशाच्या हवेच्या पिशवीपासून बनतं. ते यीस्टला चिकटून गाळासकट तळाशी बसतं, तुमच्या ग्लासात जवळपास येत नाही, पण वापरलेलं असतं. तुमचा नियम काय आहे ते तुम्ही ठरवा. अजिबात नको असेल तर पंपावरच्या पट्टीवर 'अनफाइंड' (म्हणजे आयसिंग्लास वगैरे न घातलेली) किंवा 'व्हीगन' लिहिलंय का बघा, नाहीतर सरळ विचारा, कोणी वेड्यासारखं बघत नाही. अनफाइंड बियर थोडी गढूळ दिसते, ती खराब नसते. सॅम्युअल स्मिथ या यॉर्कशरच्या ब्रुअरीच्या बहुतेक बियर व्हीगन आहेत, पण गंमत म्हणजे हातपंपावरची त्यांची ओल्ड ब्रुअरी बिटर त्यात नाही. गिनेसनेही आता आयसिंग्लास सोडलंय.

बारवर जाऊन मागायचं काय आणि कसं?

टेबलवर बसून वेटरची वाट बघू नका, रात्री अकरा वाजेपर्यंत बसाल. बारवर जायचं, रांग दिसत नसली तरी ती असते, तुमच्या आधी कोण आलं हे बारवाल्याला आणि तुम्हाला दोघांना माहीत पाहिजे. पैसे हलवून दाखवणं, "एक्स्क्यूज मी" ओरडणं, हे केलंत की तुमचा नंबर शेवटी.

काय घ्यायचं कळत नसेल तर "चव बघू का" म्हणा, छोट्या ग्लासात घोटभर देतात. पिंट म्हणजे ५६८ मिली, सगळे तीच घेतात, पण अर्धी पिंट घेण्यात काही कमीपणा नाही, आणि २०११पासून दोन तृतीयांश पिंटही कायद्याने चालते. एक तृतीयांशाचे तीन ग्लास देणारेही पुष्कळ पब आहेत, चार-पाच नवीन बियर असतील तर मी तेच करते.

सुरुवातीला बिटर घ्या, ३.५ ते ४.५ टक्के, तपकिरी, सौम्य कडू. मग माइल्ड, ती काळपट आणि गोडसर, पूर्वी कारखान्यातल्या कामगारांची बियर, आता मिडलँड्स सोडून फारशी दिसत नाही. गोल्डन एल उन्हाळ्यात. स्टाउट आणि पोर्टर थंडीत. टिप ठेवायची पद्धत नाही, फार खूश असाल तर "अँड वन फॉर युअरसेल्फ" म्हणायचं, ते एका ड्रिंकचे पैसे वेगळे ठेवून घेतात.

राउंडचं काय असतं?

चौघं गेलात तर एकेकाने आळीपाळीने चौघांची घ्यायची. बिल शेवटी भागून जीपे करण्याची आपली पद्धत इथे चालत नाही. स्वतःचा राउंड यायच्या आधी "मला निघायला हवं" म्हणणारा माणूस कायमचा लक्षात राहतो. कमी पीत असाल तर राउंडमध्ये शिरूच नका, आधीच सांगून टाका, कोणी वाईट मानत नाही.

सध्या तुमचे आवडते पब कोणते?

एवढ्यात मी ब्लॅक कंट्रीतच जास्त हिंडलेय, म्हणजे वॉल्व्हरहॅम्प्टन, डडली, वॉल्सल, सँडवेल हा पट्टा. कोळशाच्या खाणी, लोखंडाच्या भट्ट्या, साखळ्या आणि खिळे बनवणारी गावं. पर्यटक इथे येत नाहीत आणि तेच बरं आहे. लंडनवाले नाक मुरडतात, मुरडू देत.

पहिला सांगते सेजलीचा बीकन हॉटेल. हॉटेल नावापुरतं. आत शिरलात की मधोमध लाकूड आणि काचेची एक छोटी खोली, त्यात बारवाली उभी, आणि चारी बाजूंच्या खोल्यांना तिच्याकडे उघडणाऱ्या इवल्याशा खिडक्या. बियर मागायची तर रेल्वेच्या तिकीट खिडकीसारखं वाकून बोलायचं, आणि आतून एक हात आणि ग्लास बाहेर येतो. व्हिक्टोरियन काळातली ही रचना जवळपास तशीच ठेवलीय. मागच्या अंगणात त्यांची स्वतःची ब्रुअरी आहे. सारा ह्यूज या बाईंनी १९२१मध्ये हा पब घेतला, त्या स्वतः ब्रुइंग चालवायच्या, मग मध्ये ब्रुअरी बंद पडली आणि त्यांच्या नातवाने १९८७मध्ये ती परत सुरू केली. डार्क रूबी माइल्ड, ६ टक्के. माइल्ड म्हणजे हलकी असं समजून दोन पिंट प्यायलात तर बसस्टॉप सापडणार नाही. ग्लास उजेडासमोर धरला की काठाला डाळिंबाचा रंग दिसतो, चव काळ्या मनुकांची, आणि शेवटी थोडी कोरडी. माझ्या मते या देशातली सगळ्यात चांगली माइल्ड हीच, आणि हे मत बदलण्याची माझी काही तयारी नाही.

दुसरा, ब्रायर्ली हिलचा व्हाइन. पण तिथे कोणी त्याला व्हाइन म्हणत नाही, सगळे 'बुल अँड ब्लॅडर' म्हणतात. बाथम्स ब्रुअरी भिंतीला भिंत लागून आहे, १८७७पासून एकाच घराण्याची. तिथे काही बघायचं म्हणाल तर दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलेली शेक्सपिअरची ओळ, बाकी साध्या खोल्या, साधी बाकं. पण ही बिटर! ४.३ टक्के, फिकट पिवळी, आधी गोडसर वाटते आणि मग कोरडी होत जाते, आणि तुम्ही दुसरी मागायला उठलेले असता. वर सांगितलेला हिशोब इथे बघा, बाथम्सचे स्वतःचे पब डझनभर, पंप दोन-तीन, आणि बियर इतकी झपाट्याने खपते की कास्कला उतरायला वेळच मिळत नाही.

नेदर्टनचा ओल्ड स्वान, ज्याला मा पार्डोज म्हणतात, तोही बघाच, छताला एनॅमलचे पत्रे आहेत आणि मधोमध हंस रंगवलाय. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अख्ख्या देशात स्वतःची बियर स्वतः बनवणारे जुने पब फक्त चार उरले होते, त्यातला हा एक. आणि घराजवळचा म्हणजे वॉल्व्हरहॅम्प्टन स्टेशनमागचा ग्रेट वेस्टर्न, होल्डन्सचा, भिंतींवर सगळ्या रेल्वेच्या जुन्या वस्तू. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना तिथे नेलं, त्या लाइम अँड सोडा घेऊन बसल्या आणि शेजारच्या टेबलवरचे एक आजोबा त्यांना अर्धा तास वाफेच्या इंजिनांबद्दल सांगत होते. त्यांचं ब्लॅक कंट्री इंग्लिश मलाही अर्धंच कळत होतं, सासूबाई मात्र दर वाक्याला "हो का" म्हणत होत्या आणि दोघं मजेत होते.

देसी पब म्हणजे काय?

हे बघितल्याशिवाय मिडलँड्स सोडू नका. १९५० आणि ६०च्या दशकात पंजाबी माणसं इथल्या फाउंड्रीत कामाला आली आणि संध्याकाळी पबमध्ये गेली तर पुष्कळ ठिकाणी त्यांना आत घेत नसत, किंवा चांगल्या खोलीत बसू देत नसत. याला कलर बार म्हणायचे. स्मेथिकमध्ये हा प्रकार इतका गाजला की फेब्रुवारी १९६५मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स तिथे आला, मार्शल स्ट्रीटवर फिरला, ब्लू गेट्स पबमध्ये गेला, आणि त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या लोकांनी इथे पबमध्ये जाऊन बसायचं आणि सर्व्ह करायला नकार दिला की विरोध करायचा असं चालवलं होतं. १९६५च्याच रेस रिलेशन्स कायद्याने सार्वजनिक जागी असा भेदभाव बेकायदा ठरला.

पुढे यातले कित्येक पब पंजाबी कुटुंबांनीच चालवायला घेतले. वेस्ट ब्रॉमविचच्या रेड लायनमध्ये रंगीत काचेची खिडकी आहे, तिच्यावर या स्थलांतरितांची गोष्ट काढलीय, चर्चमध्ये संत असतात तसे इथे फाउंड्रीतले कामगार. त्याच गावातल्या व्हाइनमध्ये (हा वेगळा व्हाइन) मागच्या बाजूला आतच बार्बेक्यू पेटलेला असतो. मिक्स्ड ग्रिल मागवायचं, गरम लोखंडी ताटलीत चरचरत येतं. एल मात्र बहुतेक देसी पबमध्ये नसते किंवा एखादीच असते, सगळे लागर पितात, आणि चिकन टिक्क्याबरोबर मीही लागरच घेते, तत्त्वं घरी ठेवून.

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, भारतासाठी बनवली होती, खरं का?

अर्धं खरं. लंडनच्या बो भागात हॉजसनची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जवळच लागायची, कप्तानांना तो उधारीवर माल द्यायचा, म्हणून त्याची बियर मुंबई, मद्रास, कलकत्त्याला जायची. भारतासाठी नवीन शोध वगैरे लावलेला नव्हता, भरपूर हॉप्सची फिकट एल आधीपासून होतीच, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून चार-सहा महिन्यांच्या प्रवासात ती छान मुरायची एवढंच. १८२०च्या दशकात हॉजसन डोईजड व्हायला लागला तेव्हा कंपनीच्या एका संचालकाने बर्टनच्या ऑलसॉप या ब्रुअरला विचारलं की तू बनवशील का. बर्टन अपॉन ट्रेंटच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे तिथली फिकट बियर जास्त स्वच्छ आणि जास्त चरचरीत व्हायची, आणि लंडनवाले मागे पडले.

पण ही प्यायचे कोण तर साहेब लोक. गोरे शिपाई मुंबईच्या उन्हात काळी पोर्टर ढोसायचे. आपले लोक यात कुठे होते तर पेट्या उचलायला.

बर्टनला जाण्यासारखं काही उरलंय का?

हो. कूपर्स टॅव्हर्नला जा. मागच्या खोलीत कास्क तुमच्या डोळ्यांसमोर मांडलेले असतात आणि बास ही बर्टनची जुनी बियर पंपाशिवाय, सरळ तोटीतून देतात. बासचा लाल त्रिकोण हा ब्रिटनमधला पहिला नोंदवलेला ट्रेडमार्क, १ जानेवारी १८७६. यीस्ट वर ढकलून बाजूला काढणारी लाकडी पिंपांची बर्टन युनियन ही पद्धत मात्र २०२४मध्ये कार्ल्सबर्ग मार्स्टन्स कंपनीने बंद केली. त्यातला एक संच डर्बीशरमधल्या थॉर्नब्रिजने नेला आणि त्यावर बियर बनवायला घेतली, म्हणून अगदीच रडायला नको.

उत्तरेला कुठे?

शेफिल्ड. स्टेशनवरच, प्लॅटफॉर्मला लागून शेफिल्ड टॅप आहे, १९०४च्या सुमाराची रेल्वेची रिफ्रेशमेंट रूम, वर्षानुवर्षं बंद पडलेली, २००९मध्ये टाइल्स आणि लाकूड नीट करून पब केला. ट्रेन चुकवायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही. तिथून चालत केलम आयलंडला जायचं. तिथे फॅट कॅट, १९८१पासूनचा, आणि केलम आयलंड टॅव्हर्न, ज्याला कॅम्राने २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम पब ठरवलं. पंप पुष्कळ आहेत, पण तिथे खपही तसाच आहे, त्यामुळे वरचा नियम मोडत नाही.

उत्तरेत पंपाच्या नळीला बारीक भोकांची एक टोपी लावतात, स्पार्कलर, त्यातून बियर फवाऱ्यासारखी पडते आणि वर सायीसारखा जाड फेस येतो. दक्षिणेत हे पाप समजतात. मला बिटरवर तो फेस आवडतो. संपलं.

लिव्हरपूलला गेलात तर फिलहार्मोनिक डायनिंग रूम्स, १९००च्या सुमाराची इमारत, २०२०मध्ये ग्रेड वनचा, म्हणजे जपायच्या इमारतींमधला सगळ्यात वरचा दर्जा मिळाला. पुरुषांच्या मुतारीतला गुलाबी संगमरवर बघायला बायकाही परवानगी काढून जातात. मीही गेले. तांब्याची नक्षी, मोझेक, रंगीत काचा, सगळं डोळे दिपवणारं, बियर ठीकठाक.

लंडनला दोनच संध्याकाळी आहेत. कुठे जाऊ?

हार्प, चेरिंग क्रॉसजवळ. चिंचोळा, बसायला जागा नाही, बियर उत्तम. मग ब्लॅकफ्रायर्स स्टेशनसमोरचा ब्लॅक फ्रायर, आतमध्ये १९०५च्या सुमाराला केलेली संगमरवर आणि तांब्याची साधूंची शिल्पं, १९६०च्या दशकात पाडायला निघाले होते, कवी जॉन बेचमन वगैरे लोकांनी आरडाओरडा करून वाचवला. दुसऱ्या संध्याकाळी सदर्कचा जॉर्ज इन, लाकडी सज्जे असलेली घोडागाड्यांच्या काळातली लंडनमधली शेवटची खानावळ, १६७७ची, आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची. होबर्नचा प्रिन्सेस लुईसही सुंदर, कोरीव काचांची छोटी छोटी दालनं, पण तो सॅम स्मिथचा, तिथे मोबाइल वापरायला बंदी आहे. पब फार सुंदर असला तरी बियर स्वस्त मिळते, आणि फोन खाली ठेवल्यावर नवऱ्याशी बोलायला लागतं.

बाई एकटी जाऊ शकते का?

जाऊ शकते, मी जाते. दुपारी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसा, कोणी त्रास देत नाही, फार तर बारवाली "यू ऑल राइट, बॅब?" विचारते, बॅब म्हणजे इकडची लाडाची हाक. पण हे आपोआप झालेलं नाही. फ्लीट स्ट्रीटवरच्या एल व्हीनो या वाइन बारमध्ये बायकांना बारजवळ उभं राहून ड्रिंक मागता येत नव्हतं, मागे टेबलवर जाऊन बसा म्हणायचे, त्याविरुद्ध दोघी जणी अपील कोर्टात गेल्या आणि जिंकल्या, आणि ते साल होतं १९८२. मॅचच्या दिवशी मात्र स्टेडियमजवळचे पब टाळा, बाई असा की पुरुष.

मुलांना, आईबाबांना नेता येतं का? परमिट लागतं का?

परमिट वगैरे काही नाही, हा महाराष्ट्र नव्हे. वय १८ पूर्ण पाहिजे आणि पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतात. मुलांना बऱ्याच पबमध्ये संध्याकाळपर्यंत मोठ्यांबरोबर चालतं, दारावर लिहिलेलं असतं. १६-१७ वर्षांच्या मुलाला जेवणाबरोबर मोठ्या माणसाने विकत घेतलेली बियर पिता येते, इंग्लंड आणि वेल्समध्ये. आईबाबांना आधी सांगा की हा बार आपल्याकडच्या बारसारखा नाही, अंधार नाही, पडदे नाहीत, लोक कुत्रे घेऊन येतात. एकदा आत बसले की उठत नाहीत.

चखण्याला काय?

वाईट बातमी आहे. शेंगदाणे, क्रिस्प्स, आणि पोर्क स्क्रॅचिंग्ज म्हणजे डुकराची तळलेली कातडी. मसाला पापड विसरा. ब्लॅक कंट्रीत चीज अँड अनियन कॉब मागा, गोल पाव, जाड चीज, कच्च्या कांद्याची जाड चकती, बास. बिटरबरोबर याच्यासारखं काही नाही, आणि शाकाहारी लोकांचं पोट भरतं. ग्रे पीज अँड बेकन मिळालं तर मांसाहारींनी सोडू नका. पिशवीत लसणाची चटणी नेणारा एक मित्र माझ्या ओळखीत आहे, त्याचं नाव सांगणार नाही.

पिंट खराब लागली तर परत करता येते?

करा. आंबट, व्हिनेगरसारखी, किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर ग्लास अर्धा व्हायच्या आत बारवर न्या आणि शांतपणे सांगा की ही बरोबर वाटत नाही. चांगला पब न वाद घालता बदलून देतो आणि तो पंप बंद करतो. "रिअल एल अशीच असते" असं ऐकवलं तर समजा की तिथे परत यायचं नाही.

गाडी घेऊन गेलं तर?

नका जाऊ. इंग्लंडमध्ये मर्यादा १०० मिली रक्तात ८० मिग्रॅ, स्कॉटलंडमध्ये २०१४पासून ५०, पण पिंटमध्ये ते कसं मोजणार. बस आणि ट्रेन आहेत. माझा नवरा पीत नाही, तो चालवतो, आणि प्रत्येक पबमध्ये कोकचा भाव काय आहे याची तक्रार करतो.

पब बंद पडतायत असं वाचलं, का?

एक कारण नाही. सुपरमार्केटात बियर स्वस्त, विजेची बिलं, कर, आणि शहरात पबपेक्षा त्या जागेवर बांधलेले फ्लॅट महाग. त्यात १९८९मध्ये सरकारने मोठ्या ब्रुअऱ्यांच्या हातातले पब कमी करायला कायदा आणला, तर पब गेले मोठमोठ्या प्रॉपर्टी कंपन्यांकडे, ज्यांना बियरपेक्षा भाड्यात रस.

आमच्या भागात सगळ्यांना लागलं ते हिम्लीचं क्रूकेड हाउस. १७६५ची इमारत, खालच्या खाणींमुळे एका बाजूला कललेली, आत टेबलावर गोटी ठेवली तर चढावर गेल्यासारखी दिसायची. जुलै २०२३मध्ये विकलं गेलं, ५ ऑगस्टला रात्री आग लागली, दोन दिवसांत पाडून टाकलं. परवानगीशिवाय. कौन्सिलने पुढच्या वर्षी ते होतं तसं परत बांधायचा आदेश काढला. विटा उचलून न्यायला लोक आले होते तेव्हा कौन्सिलला सांगायला लागलं की त्या नेऊ नका.

दुसऱ्या बाजूला कंब्रियात हेस्केट न्यूमार्केटचा ओल्ड क्राउन बघा, २००३मध्ये गावकऱ्यांनी आणि चाहत्यांनी सहकारी संस्था काढून विकत घेतला, देशातला असा पहिला. सहकारात आपणही जुने, पण साखर कारखाने काढले.

पुण्या-मुंबईत मिळेल का अशी?

ताजी बियर मिळते, २००९मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाल्यापासून मायक्रोब्रुअऱ्या बऱ्याच झाल्या आणि काही फार चांगल्या आहेत. पण ती थंड करून, गॅसवर देतात. पिंपात जिवंत ठेवून १२ अंशांच्या तळघरातून हाताने ओढलेली हवी तर इकडेच यावं लागेल. महाराष्ट्रात बियरसाठी वय २१ लागतं हे तिकडे जाणाऱ्या पोरांनी लक्षात ठेवा.

आता पुढे कुठे जाणार?

वर स्वतःची बियर बनवणाऱ्या ज्या चार जुन्या पबचं बोलले त्यातले बाकीचे तीन. श्रॉपशरमधले दोन जवळ आहेत, बिशप्स कासलचा थ्री टन्स, जिथलं ब्रुइंगचं लायसन्स १६४२पर्यंत मागे जातं, आणि मॅडलीचा ऑल नेशन्स. तिसरा पार कॉर्नवॉलमध्ये, हेल्स्टनचा ब्लू अँकर, गवताने शाकारलेलं छप्पर आणि स्पिंगो नावाची त्यांची स्वतःची एल. हेल्स्टनला आता रेल्वे नाही, रेडरूथला उतरून बस घ्यायची. ८ मेला तिथे फ्लोरा डे असतो, गावभर लोक नाचतात आणि पबमध्ये पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही जूनचं बघतोय. गाडीत एक जागा रिकामी आहे, कोकचे पैसे तुम्हाला द्यावे लागतील.